फूड डिलिव्हरीचं रेट कार्ड: रायडरच्या शरीराला काय भावात पडतं

ॲपवर चालणाऱ्या फूड डिलिव्हरीच्या कामाबद्दल कुणी विचारलं, की बोलणं बहुतेक वेळा दोन प्रश्नांवर थांबतं: महिन्याला किती सुटतात आणि पैसे वेळेवर येतात का. पैसे वेळेवर येतात. आठवड्याचा हिशेब ठरल्या दिवशी खात्यात पडतो आणि ही या कामाची सगळ्यांत भरवशाची बाजू आहे. बांधकामाच्या किंवा हॉटेलच्या कामात पगारासाठी मुकादमाच्या, मालकाच्या मागे फिरलेल्या माणसाला तिची किंमत कळते. पण रेट कार्डवरची, म्हणजे कंपनीच्या दरपत्रकावरची, प्रत्येक ओळ रायडरकडून काहीतरी करवून घेत असते. कुठे थांबायचं, किती वाजेपर्यंत जागायचं, लघवीला कधी जायचं, ताप असताना लॉगिन करायचं की नाही, हे सगळं त्या ओळी ठरवतात. हे परीक्षण त्या ओळींचं आहे.

पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत दुचाकीवर रोज आठ ते बारा तास काम करणारा पूर्णवेळ रायडर आम्ही डोळ्यासमोर ठेवला आहे. दर शहरागणिक, झोनागणिक आणि कधीकधी आठवड्यागणिक बदलतात. म्हणून कुठली कंपनी बरी आणि कुठली वाईट असा निकाल इथे मिळणार नाही. पैसे मोजण्याची पद्धत मात्र सगळीकडे जवळपास सारखी आहे, आणि शरीराचं नुकसान होतं ते या पद्धतीमुळे.

तासाला खरे किती

जानेवारी २०२६ मध्ये झोमॅटोच्या संस्थापकांनी एक आकडा जाहीर केला होता: २०२५ मध्ये त्यांच्या रायडरची सरासरी कमाई टिप सोडून तासाला १०२ रुपये, आणि त्यातले सुमारे २० टक्के पेट्रोल आणि देखभालीत जातात. हिशेबाला हा आकडा चांगला आहे, कारण तो ऑर्डरवर नाही, तासावर मोजलेला आहे. भरतीच्या जाहिरातीतला ‘महिन्याला इतके हजार कमवा’ हा आकडा कधीच तासावर मोजलेला नसतो.

आता खर्चाची बाजू. शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात ११० सीसीची स्कूटर लिटरला ४० किलोमीटर देते असं धरू आणि पेट्रोल १०४ रुपये. किलोमीटरला २.६० रुपये झाले. इंजिन ऑइल, टायर, ब्रेक शू, बेल्ट आणि पंक्चर यांचे किलोमीटरला ८० पैसे धरा. एकूण ३.४० रुपये. दहा तासांत १०२० रुपये मिळाले आणि त्यातले २० टक्के, म्हणजे २०४ रुपये, खर्च धरला, तर त्यात गाडी फक्त ६० किलोमीटर चालते. तुमची गाडी दिवसाला किती चालते ते ओडोमीटरवर बघा. ११० किलोमीटर असेल, तर खर्च ३७४ रुपये. शिवाय गाडीची झीज आहे: ९० हजारांची स्कूटर ८० हजार किलोमीटरनंतर २५ हजारांना गेली, तर किलोमीटरला आणखी ८० पैसे, दिवसाला ८८ रुपये. हातात उरले ५५८, म्हणजे तासाला सुमारे ५६ रुपये. गाडी हप्त्यावर घेतली असेल, तर व्याज वेगळं.

हा हिशेब आधी मांडण्याचं कारण आरोग्याचंच आहे. ज्याला दिवसाचे हजार रुपये सुटतात असं वाटतं, तो दहा तासांत घरी जाईल. ज्याला घरभाडं आणि हप्ता जुळवायला खरोखरच हातात हजार लागतात, त्याला या दराने अठरा तास लागतील. प्रत्यक्षात माणूस मध्येच कुठेतरी, बारा-तेरा तासांवर थांबतो. आठवड्याचे सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जगभरच्या माहितीवरून मांडलं, की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी. रायडर ही मर्यादा पाचव्या दिवशीच ओलांडतो.

ऑर्डरमागे मिळतात, थांबण्याचे नाही

ऑर्डरच्या पैशाचे साधारण तीन भाग असतात: ठरलेली मूळ रक्कम, हॉटेलपर्यंतचं अंतर आणि हॉटेलपासून ग्राहकापर्यंतचं अंतर. काही ठिकाणी थांबण्याचे पैसे दिसतात, पण ते सुरू व्हायला बरीच मिनिटं जावी लागतात आणि मिनिटामागचा दर नाममात्र असतो. परतीचं अंतर बहुतेक ठिकाणी धरतच नाहीत. बाणेरची ऑर्डर घेऊन हिंजवडी फेज तीनच्या टोकाला गेलेला रायडर परत येताना स्वतःचं पेट्रोल जाळून येतो. तिथेच थांबला, तर दुपारी तीन वाजता तिथे ऑर्डर नसते.

बिनपैशाचा वेळ भरून काढायची एकच जागा उरते, ती म्हणजे रस्ता. हॉटेलात पंधरा मिनिटं गेली, की ती सिग्नलवर आणि उलट्या दिशेने जाऊन वसूल होतात. ‘रायडर बेदरकार चालवतात’ अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा जेवणाच्या गर्दीत काउंटरजवळ उभं राहून पाहावं. ऑर्डर तयार नसताना ‘तयार’ असं बटण दाबलेलं असतं, आणि त्या क्षणापासून घड्याळ रायडरचं धावायला लागतं. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर झटपट किराण्याच्या जाहिरातींतून ‘दहा मिनिटं’ हे शब्द मागे घेतले गेले. चांगलं झालं. पण जाहिरात बदलली म्हणून पैसे मोजायची पद्धत बदलत नाही, आणि रायडर पळतो तो पद्धतीसाठी.

जोड ऑर्डर ही दुसरी गोष्ट. एकाच हॉटेलच्या दोन ऑर्डर एकत्र दिल्या, की दुसरीचे पैसे कमी मिळतात. अंतर वाचतं हे खरं, पण जिने वाचत नाहीत. लिफ्ट बंद असलेल्या किंवा ‘डिलिव्हरीवाल्यांनी जिन्याने जावं’ अशी पाटी लावलेल्या सोसायटीत चौथ्या मजल्याचे पैसे रेट कार्डमध्ये कुठेच नसतात. गुडघ्याची वाटी दुखायला लागते ती चढण्यापेक्षा जास्त घाईत दोन-दोन पायऱ्या सोडून उतरताना. उतरताना प्रत्येक पायरी घ्या आणि कठड्याला हात ठेवा. मजल्यामागे पाच-सात सेकंद जातील.

पाठीचं दुखणं या कामात जवळपास ठरलेलंच आहे आणि त्याची तीन कारणं एकमेकांवर चढतात. पहिलं, सीटमधून मणक्याला बसणारे हादरे. दुसरं, पाठीवरची बॅग: आठ किलोची बॅग खांद्यावर असताना ब्रेक दाबला, की ती पाठीला पुढे ढकलते आणि मान पुढे जाते. तिसरं, मांडीजवळ किंवा खाली लावलेला फोन, ज्यासाठी दर मिनिटाला मान वाकते. यावर उपाय स्वस्त आहेत. मागच्या सीटवर लोखंडी कॅरिअर बसवून बॅग त्यावर घट्ट बांधा, वजन पाठीवरून गाडीवर जाईल. किराण्याच्या ऑर्डरमधली पिठाची पिशवी आणि पाण्याचा कॅन स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत ठेवा. फोन आरशाच्या दांड्यावर, डोळ्यांच्या जितका जवळ बसेल तितका वर लावा. टायरची हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या दाबावर भरा. जास्त हवा भरली की मायलेज थोडं वाढतं, पण प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. मागचे शॉकॲब्सॉर्बर गळायला लागले, की त्यांच्या आसपास तेलाचा ओलसर थर दिसतो. ते बदलायचा खर्च फिजिओथेरपीच्या बिलापुढे किरकोळ आहे. दर दोन तासांनी गाडीवरून उतरून, कमरेवर हात ठेवून दहा वेळा मागे वाका. पाय बधिर व्हायला लागला, किंवा कमरेतून कळ थेट पावलापर्यंत जायला लागली, तर मलम चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरकडे जा.

इन्सेंटिव्हचा स्लॅब

सगळ्या रेट कार्डमध्ये आम्हाला सर्वांत घातक वाटतो तो हा भाग. समजा, दिवसाला २४ ऑर्डर झाल्या तर २५० रुपये जास्त आणि २८ झाल्या तर ४२०. रात्रीचे पावणेअकरा वाजलेत आणि तुमच्या २५ झाल्यात. पुढच्या तीन ऑर्डरचे स्वतःचे ३०-३० रुपये, म्हणजे ९०, आणि वर स्लॅबमुळे १७०. एकूण २६०, म्हणजे ऑर्डरमागे ८७ रुपये. सकाळी अकरा वाजता ज्या ऑर्डरचे ३० मिळाले, तीच ऑर्डर रात्री अकरा वाजता जवळपास तिप्पट मोलाची झाली. दोनच झाल्या आणि बारा वाजले, तर ते १७० रुपये गेले. अर्धा पाऊण वाटा मिळत नाही.

म्हणजे शरीर सर्वांत थकलेलं असताना वेगाला सर्वांत जास्त भाव मिळतो. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं झोपेवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर म्हणजे सात मीटर, आणि समोरून वळणाऱ्या रिक्षाच्या बाबतीत सगळा फरक त्या सात मीटरांचाच असतो.

स्लॅबच्या अटी आकड्यांइतक्याच नीट वाचा. ठरलेल्या गर्दीच्या तासांत लॉगिन हवं, इतक्या टक्क्यांच्या वर ऑर्डर स्वीकारलेल्या हव्यात, एकही रद्द केलेली नको, अशा त्या असतात. एक ऑर्डर नाकारली आणि टक्का घसरला, तर अकरा तासांचा इन्सेंटिव्ह जातो. त्यामुळे साडेआठ वाजता पोटात कळ आली तरी माणूस थांबत नाही. जेवण साडेतीनला आणि नंतर थेट मध्यरात्री. जळजळ, आम्लपित्त आणि मूळव्याध घेऊन येणारा रायडर डॉक्टरला ‘तिखट खातो’ असं सांगतो. खरं कारण वेळापत्रक असतं.

कंपनीला काही बदलायचं असेल, तर इथून सुरुवात करावी. स्लॅबच्या पायऱ्या काढून तेच पैसे प्रत्येक ऑर्डरवर वाटा. २८ ऑर्डरवर ४२० रुपये म्हणजे ऑर्डरला १५ रुपये. २८ ऑर्डर करणाऱ्या रायडरमागे खर्च तोच, पण रात्री अकराची घाई उरणार नाही. आणि दर चार तासांमागे वीस मिनिटांची अशी विश्रांती द्या, जिच्यात स्वीकाराचा टक्का मोजला जाणार नाही. रायडरच्या हातात आहे ते इतकंच: दिवस सुरू करतानाच गाठायचा स्लॅब ठरवा आणि रात्री दहा वाजता त्याच्यापासून तीनपेक्षा जास्त ऑर्डर मागे असाल, तर तो सोडून द्या. दहानंतर घेतलेला निर्णय थकलेल्या डोक्याचा असतो.

ऊन, पाऊस आणि लघवी

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारी बारा ते तीन ही जेवणाच्या ऑर्डरची वेळ. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, खालून तापलेलं इंजिन आणि डांबर. अशा उन्हात श्रम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासभर, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर पाणी प्यावं असा सल्ला आहे. रायडर इतकं पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नाही, लघवीला जायची जागा नाही म्हणून. हॉटेलं ग्राहकांचं स्वच्छतागृह वापरू देत नाहीत, सोसायटीचा वॉचमन देत नाही, आणि शोधायला दहा मिनिटं गेली, तर ती बिनपैशाची. बायका तर सकाळपासूनच पाणी तोडतात. याचे परिणाम डॉक्टरांना चांगले ओळखीचे आहेत: लघवीत जळजळ, वारंवार होणारा संसर्ग आणि मुतखडा. खड्याचा त्रास एकदा झालेल्या माणसाला दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. या कामात ते होणं कठीण आहे, आणि ज्याला आधीच खड्याचा इतिहास आहे त्याला आम्ही पूर्णवेळ डिलिव्हरी सुचवणार नाही.

पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट देणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे.  कुलूप असेल तर चावी मागा, नाकारली तर पंपावरच्या तक्रार वहीत लिहा. आपल्या झोनमधले चालू पंप, महापालिकेची स्वच्छतागृहं आणि सरकारी दवाखाने फोनच्या नकाशात आधीच खूण करून ठेवा. कामावर असताना शोधत बसणं जमत नाही.

पाण्याबरोबर मीठ आणि साखर हवी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं, तर मिठाचं प्रमाण जास्त होतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. दुकानात फळांच्या चवीची जी गोड पेयं ‘ओआरएस’ म्हणून खपत होती, त्यांना हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. खोक्यावरचं प्रमाण बघून घ्या. लघवी चहाच्या रंगाची झाली, डोकं ठणकायला लागलं आणि घाम येणं थांबलं, तर सावली, डोक्यावर पाणी आणि थेट दवाखाना.

एक सवय मात्र कळकळीने सांगायची आहे. पाठ धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घ्यायची आणि पुढे चालू लागायचं, हे रायडरांत फार सर्रास आहे. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. एखाद्या दिवशी चालून जातं. रोज, उन्हात, उपाशीपोटी घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर दोन्ही जातात.

पावसाचे जास्तीचे पैसे हा आणखी एक उलटा न्याय आहे: रस्ता जितका धोक्याचा, तितका दर वर. ते पैसे घ्यायचे असतील, तर निदान एवढं पाळा. पहिल्या सरीनंतरची पंधरा-वीस मिनिटं रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण डांबरावरचं तेल तेव्हा वर येतं. तेवढा वेळ आडोशाला काढा. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांवर ब्रेक दाबू नका. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून पायी जावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. लेप्टोस्पायरोसिस टाळायची गोळी तिथले डॉक्टर धोका बघून देतात. स्वतःच्या मनाने घेऊ नका.

खाडा

पगारी नोकरीत आजारपण म्हणजे रजा. इथे आजारपण म्हणजे शून्य रुपये, आणि काही ॲपवर त्याहूनही वाईट. दिवस चुकले की श्रेणी खाली येते, श्रेणी खाली आली की चांगले स्लॉट, म्हणजे कामाच्या वेळा, आधी दुसऱ्यांना दिसतात, आणि बरा होऊन आलेल्या माणसाला पहिल्यापेक्षा कमी ऑर्डर मिळतात. खाड्याची किंमत एका दिवसाची राहत नाही.

डेंगीमध्ये हे जिवावर बेततं. तीन ते सात दिवसांच्या दरम्यान ताप उतरतो, माणसाला बरं वाटतं आणि तो लॉगिन करतो. पण धोक्याचा काळ ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास हाच असतो. तेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब एकदम पडू शकतो. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण गळून जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर रुग्णालयात. ताप उतरला त्या दिवशी गाडी काढू नका. आणि डेंगीची शंका असताना अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मुळीच नको.

खाड्यासाठी वेगळी शिल्लक ठेवणं एवढाच उपाय रायडरच्या हातात आहे, आणि तो अपुरा आहे हे आम्हाला माहीत आहे. रोजचे ५० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे वर्षाला १५,६००. वरच्या हिशेबातल्या ५५८ रुपयांनी ते २८ दिवसांचं पोट भरतं. पाय मोडला तर प्लास्टर निघून गाडीवर बसायला याहून जास्त दिवस लागतात.

आयडी ब्लॉक होण्याची भीती हे मनावरचं सर्वांत मोठं ओझं. ग्राहकाने ‘पार्सल मिळालं नाही’ म्हटलं, की समोर माणूस नसतो, चॅटचं यंत्र असतं. प्रत्येक वादाच्या डिलिव्हरीला दारावरचा फोटो, कॉलची नोंद आणि तक्रार क्रमांक जपा. ॲपवर काम करणाऱ्यांसाठीच्या कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात काम थांबवण्याआधी कारण देऊन १४ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आहे. इतकी साधी गोष्ट सगळीकडे असायला हवी. राजस्थानने असा स्वतंत्र कायदा सर्वांत आधी, २०२३ मध्ये केला होता.

विमा: छापील ओळी आणि प्रत्यक्ष

बहुतेक मोठी ॲप अपघात विमा देतात. रक्कम मोठी दिसते, म्हणून आधी वेळेची अट वाचा. संरक्षण लॉगिन ते लॉगआउट आहे, की फक्त ऑर्डर हातात असताना? ऑर्डर पोचवून झोनमध्ये परतताना झालेला अपघात, लॉगआउट करून घरी जाताना झालेला अपघात, हे दोन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. उपचाराचा खर्च वेगळा आणि कामावर न जाता आल्याची भरपाई वेगळी. दुसरी आहे का, दिवसाला किती आणि कितव्या दिवसापासून, ते बघा.

दावा फसतो तो ठरावीक जागी. परवान्याची मुदत संपलेली असते. कळवायला उशीर होतो. रुग्णालयात ‘घरी घसरून पडलो’ असं सांगितलेलं असतं आणि कागदांवर अपघाताची पोलिस नोंद नसते. फोन फुटलेला असतो, त्यामुळे लॉगिनचा पुरावा नाही. आणि एक मोठी अडचण: पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मालवाहतुकीसाठी वापर वगळलेला असतो. डिलिव्हरी करता हे विमा कंपनीला आधी लेखी कळवा, नाहीतर ऐनवेळी हेच कारण पुढे येतं. मालक-चालकासाठीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत आहे का, तेही तपासा. तासाला २५ किलोमीटरपर्यंतच्या, परवाना न लागणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरवर काम करणाऱ्या पोरांकडे यातलं काहीच नसतं. त्यांनी निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी: बँक खात्यातून वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख.

सरकारी बाजू हळूहळू तयार होते आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच, या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे आहेत. किमान वेतन, कामाचे तास आणि पगारी रजा यांबद्दल ती रायडरला काही देत नाही, म्हणून रेट कार्ड आहे तसंच राहतं. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी मात्र आजच करा, कारण २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेलं ५ लाखांचं आयुष्मान संरक्षण या नोंदणीवरच बेतलेलं आहे. आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, जुना नंबर बंद झालेला असतो. आधी आधार केंद्रात तो बदला. ॲपमधलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का पाहा. पूर्वी बांधकाम किंवा शेतमजूर म्हणून नोंद केली असेल, तर नवीन नोंद न करता व्यवसाय बदला. बारा आकडी क्रमांकाचं कार्ड फोनमध्ये ठेवा. अडलं तर हेल्पलाइन १४४३४. महाराष्ट्रात रेशन कार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षणही आहे, त्यामुळे लातूर-परभणीहून पुण्यात आलेल्या रायडरने गावाकडच्या रेशन कार्डाचा स्पष्ट फोटो जवळ ठेवावा. दोन्ही योजना भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. दवाखान्याची फी, रोजची औषधं आणि बुडालेली मजुरी त्यांत येत नाही.

अपघात झालाच, तर ११२ ला फोन करा. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, जखमी कोण आणि गाडी कोणाची याच्याशी संबंध नाही. भरती करताना रस्ते अपघात म्हणूनच नोंद करायला सांगा. धडक देऊन गाडी पळून गेली असेल, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजारांची वेगळी भरपाई मिळते. समोरच्या गाडीची चूक असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. तिथे भरपाई उत्पन्नावर मोजतात, आणि रायडरकडे पगाराची पावती नसते. आयडी बंद झाला, की ॲपमधला जुना हिशेबही दिसेनासा होतो. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मागच्या आठवड्यांची पेआउट स्टेटमेंट उतरवून घ्या, बँकेच्या स्टेटमेंटबरोबर ईमेलवर ठेवा आणि घरातल्या एका माणसाला तो ईमेल उघडता येईल असं बघा.